दोनच माणसं, तरी गाणं भरलेलं कसं वाटतं?
ॲपलाचियन लोकगीतं गाणाऱ्या जोडीची सोपी उकल

२०२४ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेचं एक कंट्री गाणं जगभर गाजलं. त्याची सुरुवात बँजोनं होते आणि तो बँजो रिॲनन गिडन्सनं वाजवला आहे. पुढच्या फेब्रुवारीत जिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या जोडीच्या ‘वुडलंड’ अल्बमला लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये गिडन्सनं जस्टिन रॉबिन्सनला सोबत घेऊन नुसत्या बँजो-फिडलवर नॉर्थ कॅरोलायनातल्या जुन्या चालींचा अल्बम काढला. तो उघड्यावर, किड्या-पाखरांच्या आवाजासकट ध्वनिमुद्रित केलेला आहे.

अशा जोडीचा कार्यक्रम पहिल्यांदा ऐकणारा माणूस थोडा चक्रावतो. ड्रम नाहीत, बास नाही, कीबोर्ड नाही, तरी गाणं पोकळ वाटत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचं गाणं आणि गेल्या वर्षी रचलेलं गाणं एकापाठोपाठ येतात आणि कोणतं कुठलं ते ओळखता येत नाही. शिवाय ‘पारंपरिक’ म्हटलं की ते कोणीही उचलावं का, हा प्रश्न राहतोच. ही सगळी कोडी एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून मुळापासून सुरुवात करू.

डोंगर कुठला, गाणी कुणाची

ॲपलाचिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची डोंगराळ पट्टी. सरकारी व्याख्येत १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्या येतात, पण गाण्यांचा गाभा त्याहून लहान आहे: वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीचा पूर्व भाग, व्हर्जिनियाचं नैर्ऋत्य टोक, टेनेसीचा पूर्व आणि नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम भाग. दक्षिणेकडचा मोठा मुलूख चेरोकींचा होता. त्यांच्यातल्या बहुतेकांना १८३८ मध्ये सक्तीनं हुसकावण्यात आलं. अठराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर भागातून, इंग्लंडमधून आणि जर्मनीतून लोक इथे येऊन वसले. फिडल (म्हणजे व्हायोलिनच, वाजवण्याची धाटणी वेगळी) आणि बॅलड त्यांच्याबरोबर आले. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. एकच लहानशी चाल, तिच्यावर दहा-पंधरा कडवी आणि विषय खून, बुडालेलं जहाज, फसलेलं प्रेम असे.

१९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलीस हिच्यासह या डोंगरात फिरला आणि त्यानं १६०० च्या आसपास चाली उतरवून घेतल्या. काम अफाट होतं, पण त्याला हवा होता जुना इंग्लंड. त्यानं जवळजवळ फक्त गोऱ्या गायकांची गाणी टिपली आणि वाद्यसंगीताकडे फारसं पाहिलं नाही. त्यातून ‘हे शुद्ध ब्रिटिश संगीत’ असा समज पसरला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. तो चुकीचा आहे. बँजो आला आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांकडून. व्हर्जिनियाच्या प्रसिद्ध कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर गाणी शोधायला हिंडत, तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द लिहून घेत, चाल रिडल डोक्यात ठेवत. ही वाटणी माहीत नसेल तर या संगीताचा अर्धा इतिहास हातातून सुटतो.

हा बँजो आपला ‘बेंजो’ नव्हे

मुंबई-कोकणात मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत वाजतो तो बेंजो बुलबुलतरंगाच्या जातीचा, कळा दाबून वाजवायचा. त्याचा उगम जपानी ताइशोगोतो या वाद्यात आहे. इथे ज्या बँजोबद्दल बोलतो आहोत तो अगदी वेगळा: लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं (आता बहुधा प्लॅस्टिकचं), त्याला लांब दांडी आणि पाच तारा. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-गांबिया भागात अकाँटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य आहे. त्याला दोन लांब आणि एक आखूड तार असते. आखूड तार अंगठ्यानं वाजवतात आणि बोट तारेवर वरून खाली मारतात. बँजोच्या घडणीत आणि वादनात हेच दिसतं. हान्स स्लोन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या वैद्यानं १७०७ च्या पुस्तकात जमैकातल्या गुलामांच्या अशा वाद्यांचं चित्र छापलेलं आहे.

पाचवी तार हे या वाद्याचं मर्म. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसते, पाचव्या पडद्याजवळ बाजूला असते. सतारीची चिकारी ऐकलेल्यांना तिचं काम लगेच समजेल: ही तार दाबायची नाही, ती मधूनमधून वरचा सा देत राहते. ‘जी’ सूर सा धरला, तर नेहमीच्या लावणीत (म्हणजे तारा सुरात लावण्याच्या पद्धतीत) पाचवी तार वरचा सा, चौथी खालचा प, तिसरी सा, दुसरी ग आणि पहिली प. हात न लावता नुसता झणत्कार केला तरी सा-ग-प ही कॉर्ड तयार. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे, एकमेकांशी जमणारे तीन किंवा अधिक स्वर.

जुन्या धाटणीच्या वादनाला क्लॉहॅमर म्हणतात. हात अर्धवट मिटलेल्या पंजासारखा धरायचा, बोटं हलवायची नाहीत, मनगट हलवायचं. पहिल्या मात्रेला तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं नख चालीच्या तारेवर वरून खाली मारायचं. दुसऱ्या मात्रेला त्याच नखानं दोन-तीन तारांवरून झपकन खाली यायचं. ते करताना अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला असतो. दुसऱ्या मात्रेच्या उत्तरार्धात तो तार सोडतो आणि वरचा सा वाजतो. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, दोन आखूड. हे सलग चाललं की चाल, ताल आणि आधारस्वर तिन्ही एकाच हातातून निघतात.

नवशिक्याचं बिघडतं ते नेहमी त्याच दोन जागी. गिटारच्या सवयीनं बोट तार वर ओढतं, मग ठोका बोथट होतो. आणि अंगठा आयत्या वेळी तार शोधायला जातो, त्यामुळे तिसरा ठोका उशिरा पडून लय लंगडते. उपाय एकच: नख खाली येईल तेव्हा प्रत्येक वेळी अंगठा पाचव्या तारेवर टेकलाच पाहिजे, वाजवायचा असो वा नसो. नख तुटणं हीदेखील खरीखुरी अडचण आहे. काही वादक त्यावर पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवतात. कातड्याचा घुमारा जास्त वाटला तर मागच्या बाजूला, कातडं आणि आडवी काठी यांच्यामध्ये कापडाची घडी खोचतात. गाण्याच्या साथीला कोरडा, आखूड आवाजच बरा, कारण शब्द त्यावर स्वच्छ उठतात.

एका माणसाची दोन कामं

आवाज भरलेला वाटतो त्याचं पहिलं कारण आता स्पष्ट आहे. बँजोवाला एकटाच चाल आणि आधारस्वर सांभाळतो. समोर गिटार असेल तर तीही दोन कामं करते. मेबेल कार्टर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाल वाजवतो आणि तर्जनी बारीक तारांवर घासून ताल देते. डोंगरात गिटार बऱ्यापैकी उशिरा आली, टपालानं माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमुळे ती घरोघर पोहोचली. फिडल आणि बँजो ही जोडी तिच्याहून जुनी.

फिडलवाल्याच्याही तारा बदलतात. नेहमीची लावणी जी-डी-ए-ई. पण ‘ए’ सुरातल्या चालींसाठी तो खालच्या दोन तारा एकेक स्वर चढवून ए-ई-ए-ई करतो. आता तारा सा-प-सा-प झाल्या. एका तारेवर चाल वाजवताना गज शेजारच्या मोकळ्या तारेवरही फिरवला की आधारस्वर आपोआप मिळतो. डी साठी बहुधा ए-डी-ए-ई लावतात. तारा चढवताना जाड तार तुटायची भीती असते, म्हणून काही जण अशा लावणीसाठी वेगळं वाद्यच ठेवतात.

दोघांनी एकमेकांच्या जागेत घुसायचं नाही, ही शिस्त मात्र लागते. बँजो मधल्या पट्टीत खणखणत असताना गिटारनं तिथेच चाल वाजवली की दोन्ही गढूळ होतात. गिटारनं तेव्हा खाली जावं, जाड तारेचा सूर आणि झंकार एवढंच द्यावं. गायन सुरू झालं की चाल वाजवणं थांबवून साथ करावी आणि कडवं संपल्यावर परत चालीवर यावं.

दुसरा गळा कुठे बसवायचा

आता सगळ्यात रोचक भाग. मुख्य चाल गाणारा तो ‘लीड’. त्याच्या वरच्या स्वरांत तेच शब्द गाणारा तो ‘टेनर’, मग तो पुरुष असो वा स्त्री. टेनर स्वतःला सुचेल तसं गात नाही. त्या क्षणी जी कॉर्ड चालू आहे, तिच्यातला लीडच्या वरचा पुढचा स्वर तो घेतो.

मूळ कॉर्ड सा-ग-प. लीड सा वर, टेनर ग वर. लीड ग वर, टेनर प वर. लीड प वर, टेनर वरच्या सा वर. मध्यमाची कॉर्ड म-ध-सा आली की लीडच्या म ला ध आणि ध ला वरचा सा. पंचमाची कॉर्ड प-नि-रे. इथे लीड रे वर असेल तर टेनर प वर जातो. नेमका इथेच घोळ होतो. ‘दोन स्वर वर’ एवढंच पाठ केलेला गायक रे ला म लावतो. म हा त्या कॉर्डमध्ये नाहीच, त्यामुळे ओळ संपायच्या आधी सूर लोंबकळतो. रे वरून प पर्यंतची उडी मोठी वाटते, पण तीच या गायकीचा उग्र, खडा रंग आहे.

दोन आवाज नीट जुळले की तिसराही कोणी गातंय असं वाटतं. यामागे साधं गणित आहे. लीडचा सा सेकंदाला ४०० कंपनांचा धरू. शुद्ध, जमलेला गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ५००. प्रत्येक आवाजात मूळ कंपनाच्या पटीतले वरचे नादही असतात. ४०० ची पाचपट २०००, ५०० ची चौपटही २०००. दोन्ही एकमेकांवर बसतात आणि उजळतात. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मात्र थोडा चढा, ५०४ च्या आसपास असतो. त्याची चौपट २०१६. आता २००० आणि २०१६ एकमेकांशी घासतात, सेकंदाला १६ वेळा आवाज थरथरतो. म्हणून मुरलेला टेनर गिटारच्या पट्टीवर गंधार टेकवत नाही, लीडचा आवाज ऐकून किंचित उतरता लावतो. तानपुऱ्यावर रियाज केलेल्याला हा गंधार ओळखीचा वाटेल.

भावंडांच्या जोड्या यात वरचढ ठरल्या याचं कारणही तसंच आहे. बोलिक बंधूंचे ‘ब्लू स्काय बॉइज’, मन्रो बंधू, डेलमोर बंधू, लूविन बंधू: एका घरात वाढलेल्यांचे उच्चार एक, स्वराची लांबी एक, श्वासाच्या जागा एक. पण हे रक्तातच हवं असं नाही. हेझल डिकन्स वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगार घरातल्या आणि ॲलिस जेरार्ड डोंगराबाहेर वाढलेल्या. १९६५ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम ऐकला की नातं नसतानाही आवाज किती चिकटून बसतात ते कळतं. त्यासाठी जोडीनं तीन गोष्टी बसून ठरवायच्या असतात. ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ सारख्या स्वरांवर तोंड किती उघडायचं. श्वास कोणत्या शब्दानंतर. आणि ओळीच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ कोणी उच्चारायचा: तो एकानंच घ्यावा, दुसऱ्यानं गिळावा, नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा संपते. आवाजातला कंप दोघांनीही टाळावा. कंप म्हणजे सूर सतत वर-खाली, मग वरचं गणित जुळणार कसं? सूर कुठल्या पट्टीत लावायचा तेही टेनरच्या वरच्या मर्यादेवरून ठरवतात, लीडच्या सोयीवरून नव्हे.

काही गाण्यांत गंधारच नाही, आणि तिथेच गिटार चुकते

‘ही सगळी गाणी सारखीच वाटतात’ अशी तक्रार असते. शहरी साथीदारानं प्रत्येक चालीखाली तेच तीन कॉर्ड दाबले तर तसं वाटणारच. मुळात या चाली एका साच्यातल्या नाहीत. काही पाच स्वरांच्या आहेत, सा रे ग प ध, आपल्या भूपाच्या स्वरांत. काही खमाज थाटासारख्या, कोमल निषाद घेणाऱ्या. काही काफी थाटाच्या वळणाच्या. स्वर जुळतात म्हणून त्या राग होत नाहीत, चलन आणि विस्तार वेगळे. पण कानाला वाट सापडते.

जुने बॅलड गायक कधीकधी गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लावत. पडदे नसलेल्या जुन्या बँजोवर तो निघायचाही. गिटारवर ती जागाच नाही. यावर बँजोवाल्यांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे: दुसरी तार ग वरून अर्धा स्वर चढवून म वर लावायची. मग मोकळ्या तारा सा-प-सा-म-प. गंधार वाद्यातून हद्दपार झाला. आता गाणारा त्याला हवा तो गंधार लावू शकतो, वाद्य त्याला खोटं पाडत नाही.

गिटारवाल्यानंही हेच करायचं: मूळ कॉर्डमधली ग ची तार दाबून बंद ठेवायची, नुसते सा आणि प वाजू द्यायचे. खमाजाच्या वळणाच्या चालीत पंचमाच्या कॉर्डऐवजी बहुतेकदा कोमल निषादाची कॉर्ड (कोमल नि, रे, म) लागते. टेनरनंही इथे ग-प ची गोडी लावू नये. वर पंचम धरून ठेवावा किंवा सरळ लीडबरोबर एकाच सुरात गावं. अशा गाण्याला गोड हार्मनी, म्हणजे दुसऱ्या गळ्याचे जोडस्वर, चढवली की ते साध्या प्रार्थनागीतासारखं होतं आणि त्यातली थंडगार भीती निघून जाते.

‘पारंपरिक’ म्हणजे बिनमालकीचं का?

याचं उत्तर एका गाण्याच्या प्रवासात मिळतं. १८६६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्क्स काउंटीत लॉरा फॉस्टर या तरुणीचा खून झाला. टॉम ड्यूला याला १८६८ मध्ये फाशी झाली. त्यावर गाणं रचलं गेलं, तोंडोतोंडी फिरलं. १९२९ मध्ये ग्रेसन आणि व्हिटर या फिडल-गिटार जोडीनं ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. १९३८ मध्ये फ्रँक प्रॉफिट या डोंगरातल्या शेतकऱ्यानं, घरातून शिकलेलं आपलं रूप, फ्रँक वॉर्नर या संग्राहकाला गाऊन दाखवलं. वॉर्नरकडून ते ॲलन लोमॅक्स या दुसऱ्या संग्राहकाकडे आणि १९४७ च्या पुस्तकात गेलं. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओ या त्रिकुटानं ‘टॉम डूली’ म्हणून ते गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. प्रॉफिट तंबाखू पिकवत होता आणि सुतारकाम करत होता. वाद झाला, १९६२ मध्ये तोडगा निघाला आणि त्यानंतरच्या मानधनात प्रॉफिट, वॉर्नर आणि लोमॅक्स यांना वाटा मिळू लागला. गाणं सगळ्यांचं असलं तरी त्याचं विशिष्ट रूप कुणीतरी जपलेलं असतं. मला यात कायद्याहून मोठा प्रश्न दिसतो.

उलट दिशेनंही हे घडलं. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात राल्फ पीअर यानं व्हिक्टर कंपनीसाठी १९ गायक-समूहांची ७६ ध्वनिमुद्रणं केली. कार्टर कुटुंब आणि गायक जिमी रॉजर्स तिथेच पुढे आले. पीअरला अशी गाणी हवी असत ज्यांवर नव्यानं हक्क नोंदवता येईल. त्यामुळे जुनी गाणी शोधून, थोडी बदलून, नव्या नावानं नोंदवण्याला बळ मिळालं. आज कार्टर यांचं म्हणून ओळखलं जाणारं गाणं आधीच्या शतकातलं असू शकतं, आणि पारंपरिक समजलं जाणारं गाणं कुणा ओळखीच्या कवीचं.

कायद्याच्या बाजूनं दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: रचना आणि ध्वनिमुद्रण. अमेरिकेत जुन्या काळी प्रकाशित झालेल्या रचनेवरचा हक्क साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षांनी संपतो. १९२३ ते १९४६ दरम्यानच्या ध्वनिमुद्रणांसाठी ही मुदत १०० वर्षं आहे, म्हणजे ब्रिस्टलची १९२७ मध्येच प्रकाशित झालेली मूळ मुद्रणं १ जानेवारी २०२८ ला मुक्त होतील. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जुनं गाणं तुम्ही नव्यानं बसवलंत, तर हक्क फक्त तुम्ही घातलेल्या भागावर मिळतो, मूळ चालीवर नाही.

जोडीनं गाणं बसवण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावं: शब्द कुठून घेतले, चाल कुठून, मधलं एखादं कडवं अलीकडच्या कुणा गायकानं जोडलेलं तर नाही ना. हे शेवटचं फार जण विसरतात. ध्वनिमुद्रणावर ‘पारंपरिक’ लिहून पुढे ‘मांडणी अमुक’ असं द्यावं आणि ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव टाकावं. ऑनलाइन विकताना गाणं ‘स्वतःचं’ म्हणून नोंदवलं, तर यंत्रणा त्याच जुन्या गाण्याच्या दुसऱ्या गायकावर आपोआप दावा ठोकू शकते.

मग स्वतः रचलेलं गाणं जुनं कसं वाटतं?

कारण दोन्ही एकाच पद्धतीनं घडतात. लोकगीतांमध्ये काही कडवी एका गाण्यातून दुसऱ्यात फिरत असतात. तुझ्या पायात जोडा कोण घालील, असं विचारणारं कडवं स्कॉटलंडच्या बॅलडमधलं, ते डोंगरातल्या कितीतरी वेगळ्या गाण्यांत जाऊन बसलं आहे. जात्यावर बसलेली बाई ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरुवात करते, ती ओळ तिची नसते, पण पुढे जे सांगते ते तिच्या घरचं असतं. डोंगरातलं गाणंही असंच आधीच्या लाकडातून घडतं.

साचा ठरलेला आहे. चार ओळी, ठोके चार-तीन-चार-तीन. दुसरी आणि चौथी ओळ यमकात. चाल सप्तकाच्या थोडी पलीकडे, त्याहून लांब नाही. भावना नावानं सांगायची नाही: ‘ती दुःखी होती’ नको, तिनं काय केलं ते सांगा. गोष्ट मधल्या पायऱ्या गाळते. एका कडव्यात भेट, पुढच्यात नदीकाठ, त्यापुढे थेट न्यायाधीश. नवं लिहिणारे घसरतात ते पोशाखी जुनेपणात: कोळसा, घरगुती दारू, रेल्वेची शिटी, मेलेली आई, सगळं एकाच गाण्यात. ऐकणाऱ्याला खोटेपणा लगेच कळतो.

हेझल डिकन्स यांनी वाट दाखवली. त्यांनी घेतली जुनी धाटणी, विषय घेतला समोरचा: कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं काळवंडून मरणारे खाणकामगार. त्यांचा सख्खा भाऊ त्याच आजारानं गेला होता. १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या स्फोटात ७८ कामगार गेले आणि पुढच्याच वर्षी खाणींच्या आरोग्य-सुरक्षेचा संघराज्य कायदा झाला. त्या चळवळीच्या काळात ही गाणी सभांमधून गायली गेली. ती जुनी वाटतात ती घाटामुळे. त्यांच्यातला संताप त्या दिवसाचा होता.

‘डोंगराबाहेरच्यांनी हे का गावं?’

जिलियन वेल्च न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या, लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या, बॉस्टनला संगीत शिकल्या. १९९६ मध्ये त्यांचा ‘रिव्हायव्हल’ अल्बम आला तेव्हा हा आव आहे, अशी टीका झाली. आक्षेप टाकाऊ नाही. गरिबीचं गाणं विकून तिसराच माणूस मोठा होतो, हे प्रॉफिटच्या बाबतीत दिसलंच. पण जन्मगाव ही कसोटी धरली तर ब्रिटिश बेटांवरून आलेलं फिडल आणि आफ्रिकेतून आलेला बँजो हे दोन्ही बाहेरचेच ठरतील. मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. काम इतकं केलेलं असावं की चाल आतून माहीत आहे, आणि कुणाकडून घेतलं ते उघड सांगितलेलं असावं. गिडन्स आणि रॉबिन्सन प्रत्येक ठिकाणी जो थॉम्प्सन यांचं नाव घेतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या मेबेन गावचे हे कृष्णवर्णीय फिडलवादक (१९१८-२०१२). त्यांच्याकडे बसून, बघून, ऐकून दोघं शिकले. मेबेन डोंगरात नाही, पायथ्याच्या पठारावर आहे. चालींना काउंटीच्या सीमा ठाऊक नसतात.

उच्चारांची नक्कल मात्र करू नये. केंटकीचा हेल कृत्रिमपणे काढणारा गायक पहिल्याच कडव्यात ऐकणाऱ्याचा विश्वास गमावतो.

एक माईक, आणि गाण्यांचा क्रम

रंगमंचावर अशा जोड्या बरेचदा दोघांत एकच मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक लावतात. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. म्हणून लीडचं तोंड ३० सेंटिमीटरवर आणि टेनरचं साधारण ४२ वर ठेवलं, तर टेनर तीन डेसिबल खाली बसतो. एवढा फरक पुरतो: चाल पुढे, हार्मनी तिला चिकटून. बँजो गिटारपेक्षा मोठा वाजतो, तेव्हा तो खाली आणि अर्धं पाऊल मागे. मधल्या वादनात गिटारवाला वाकून वाद्य माईकजवळ आणतो, संपलं की मागे सरतो. या ये-जा चा सराव गाण्याइतकाच करावा लागतो. रंगमंचावरचे, गायकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर बंद ठेवणं उत्तम, नाहीतर इतका संवेदनशील माईक शिट्टी घालतो.

कार्यक्रमात गाण्यांचा क्रम बहुतेकदा विषयानुसार नसतो, तारांच्या लावणीनुसार असतो. जी मधली सगळी एकत्र, मग दुसरी तार अर्धा स्वर चढवून गंधार नसलेली, मग चौथी तार एक स्वर उतरवून सी ची. ए साठी कॅपो, म्हणजे दांडीवर बसणारी चापट, दुसऱ्या पडद्यावर लावतात. पण पाचव्या तारेला कॅपो लागत नाही. ती सातव्या पडद्याशी ठोकलेल्या इवल्याशा खिळ्याखाली अडकवावी लागते. त्यासाठी खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ ठोकायचे खिळे वापरतात. उतरवलेली तार नेहमी सुराच्या खाली नेऊन मग वर आणावी, नाहीतर दुसऱ्या कडव्यापर्यंत ती सरकते. एक तार बदलली की कातड्यावरचा ताण बदलतो आणि उरलेल्या चारही तपासाव्या लागतात. दमट हवेत खरं कातडं सैल पडतं, तेव्हा कड्याच्या बोल्टना सगळीकडून थोडं थोडं, समोरासमोरच्या जोडीनं, पाव-पाव फेरा आवळायचं.

म्हणूनच शंभर वर्षांची आणि या वर्षीची गाणी एकमेकांना लागून येतात: तार एक, म्हणून शेजार एक. तारा जुळवायला लागणाऱ्या त्या अर्ध्या-एक मिनिटात चांगली जोडी सांगून टाकते की पुढचं गाणं कुणाकडून, कुठल्या ध्वनिमुद्रणावरून घेतलं आहे. ते नाव टिपून ठेवा. घरी येऊन आधीचं रूप शोधून ऐकलं की या दोघांनी कुठलं कडवं गाळलं, कुठे गंधार बदलला आणि कुठली ओळ स्वतःची घातली, हे तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.